डायव्हिंगला वेट कुठे लावायचं, बेल्टवर, पाऊचमध्ये की थोडं इथे थोडं तिथे?

पाऊस संपून ऑक्टोबरात गोव्यातल्या डायव्ह बोटी परत सुरू झाल्या की नुकताच ओपन वॉटर हा पहिला डायव्हिंग कोर्स केलेल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो, बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट घेतोय, वेट म्हणजे बुडायला लागणारं शिसं ठेवायच्या पाऊचवाला घेऊ की साधा घेऊन बेल्ट बांधू. दुकानात पाऊचवालाच पुढे करतात कारण तो महाग असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, ग्रँड आयलंडला छोट्या बोटीतून आणि भाड्याच्या सामानावर डायव्ह करणार असाल तर साधा नायलॉनचा बेल्ट घ्या, थोडं शिसं मागे टाकीच्या पट्ट्यावरच्या ट्रिम पॉकेटमध्ये टाका आणि निवांत राहा. आता का ते.

टाकून देता येणारं वेट लागतं ते मुख्यतः पाण्याच्या वर आल्यावर. म्हणजे बीसीडी फुगतच नाहीये, टाकीतली हवा संपलीय, लाटांत दम लागलाय, अशा वेळी शिसं सोडलं की माणूस आपोआप तरंगतो. खाली तळाशी असताना वेट सोडणं हा अगदी शेवटचा उपाय, कारण मग वर जायचा वेग हातात राहत नाही आणि फुप्फुसांना इजा होण्यापासून डीकम्प्रेशन सिकनेसपर्यंत (भरभर वर आल्याने अंगात वायूचे बुडबुडे होणं) सगळ्याचा धोका. पण वर आल्यावर सोडायला अजिबात मागेपुढे बघू नका. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेच्या अपघात अहवालांत वर्षानुवर्षं हेच येतंय की मेलेल्या डायव्हरच्या अंगावर वेट बऱ्याचदा जसंच्या तसं असतं. शिसं पुन्हा विकत मिळतं हो.

कुठे लावायचं त्याच्या आधी किती लावायचं ते बघा, कारण घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. बोटीवर अंदाजाने शिसं देतात आणि नवा माणूस खाली जात नाही म्हणून अजून दोन किलो चढवतात, मग नाकापेक्षा मोती जड होतो आणि अख्खा डायव्ह बीसीडीत हवा भर, सोड, भर, सोड यातच जातो. चेक करायची रीत सोपी आहे, डायव्हच्या शेवटी टाकीत ५० बार उरलेले असताना बीसीडी पूर्ण रिकामा करा, साधा श्वास घेऊन धरा, पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. हेच भरलेल्या टाकीने केलं तर वर साधारण २ किलो जास्त लावा, कारण नेहमीच्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम टाकीत २०० बारला अडीच किलोच्या आसपास हवा असते आणि ती संपत आली की टाकीच वर ओढायला लागते. आणि पुण्यामुंबईच्या स्विमिंग पूलमधला आकडा गोव्यात चालत नाही, समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणजे सामानासकट १०० किलो भरणाऱ्या माणसाला दोन-अडीच किलो जास्तच लागणार.

आता त्यातलं टाकता येण्यासारखं किती ठेवायचं. माझा हिशोब असा की डायव्हच्या सुरुवातीला तुम्ही टाकीतल्या हवेच्या वजनाइतके जड असता, बीसीडी फाटला तर तेवढं तरी भरून निघायला हवं, म्हणून निदान ३ किलो एका झटक्यात सुटेल असं पाहिजे. आणि सगळंच्या सगळं एकाच बकलवर नको, कारण बकल खाली चुकून उघडलं तर तुम्ही बुचासारखे वर. गोव्यात पाणी कोमट, सूट ३ एमएमचा किंवा आखूड बाह्या-पायांचा शॉर्टी, एकूण ५-६ किलोत बहुतेकांचं भागतं. ६ असेल तर ४ बेल्टवर आणि २ ट्रिम पॉकेटमध्ये, पोहताना पायही खाली लोंबत नाहीत. ट्रिम पॉकेटमधलं वेट टाकता येत नाही हे मात्र डोक्यात ठेवा, काहीजण ते पण हिशोबात धरतात.

बेल्टचा मोठा फायदा म्हणजे तो सगळीकडे सारखा असतो. भाड्याचा बीसीडी दर वेळी वेगळ्या कंपनीचा मिळतो, एकाचं हँडल खाली ओढायचं, दुसऱ्याचं पुढे, तिसऱ्याची क्लिप दाबायची, आणि ग्रँड आयलंडला पाणी गढूळ असलं की स्वतःचे फिन्स दिसायची मारामार, तिथे हँडल शोधत बसणार का. बेल्टचं बकल उजव्या हाताने उघडेल असं बांधा, शेपूट वीतभर मोकळं लोंबू द्या, कुठे खोचू नका. बीसीडीचा कमरपट्टा किंवा क्रॉच स्ट्रॅप बेल्टवरून जाऊन त्याला अडकवत नाही ना हे हात फिरवून बघा, नाहीतर बकल उघडूनही बेल्ट तिथेच लटकतो. ठोकळे सरकू नयेत म्हणून स्टॉपर लावा आणि दोन्ही बाजूंना सारखे, जरा पुढच्या अंगाला ठेवा. खाली गेल्यावर सूट दबतो आणि बेल्ट सैल पडतो, तेव्हा पोटावर आडवे होऊन घट्ट करा, शिसं पाठीवर टेकलेलं असतं त्यामुळे पट्टा सहज ओढता येतो. पोट सुटलेल्यांचा किंवा कंबर बारीक असलेल्यांचा नायलॉन बेल्ट घसरतो, त्यांनी रबरचा बघावा. कंबरदुखी असेल तर खांद्यावरून पट्टे येणारं वेट हार्नेस मिळतं, तेही चांगलं, फक्त त्यातलं शिसं सुटतं कसं ते आधी बघून घ्या.

पाऊच वाईट असं मी म्हणत नाही. कंबरेला आराम असतो, घालायला सोपं, आणि स्वतःचा एकच बीसीडी कायम वापरणाऱ्याच्या हाताला हँडलची सवय होते. घेणार असाल तर क्लिपवाला घ्या, नुसत्या वेलक्रोवाला नको. मीठ आणि रेती बसून वेलक्रोची पकड जाते, मग उडी मारताना एका बाजूचा पाऊच गळून पडतो आणि माणूस वाकडा होऊन पोहतो. दोन्ही पाऊच एकेका हाताने ओढून बाहेर येतात का ते दुकानातच शिसं भरून बघा, रिकामा पाऊच कुठलाही छान निघतो.

आणखी एक मुद्दा आहे जो दुकानात कोणी सांगत नाही, जाळी. आपल्या किनाऱ्यावर मासेमारी जोरात, सुझीज रेकसारख्या बुडालेल्या जहाजाच्या ठिकाणी गळाचा दोर किंवा जाळ्याचा तुकडा टाकीच्या व्हॉल्व्हला अडकू शकतो. बडी, म्हणजे जोडीचा डायव्हर जवळ असेल तर तो सोडवतो, नसेल तर बीसीडी काढून पुढे घ्यावा लागतो. तेव्हा सगळं शिसं बीसीडीत असेल तर बीसीडी खाली ओढतो आणि तुम्ही सूटमुळे वर, मधे फक्त श्वास घ्यायच्या रेग्युलेटरचा होज. बेल्ट कमरेला असेल तर दोघंही जागच्या जागी राहता. बोटीजवळ वर आल्यावर बीसीडी काढून देताना हेच उलटं होतं, बेल्ट अंगावर ठेवून बीसीडी सोडला तर बुडायला होतं, म्हणून आधी बेल्ट वर द्यायचा, मग बीसीडी. बेल्ट देताना शेपटाचं टोक धरून द्या, बकलकडून धरलात तर ठोकळे घसरून पाण्यात. वर घेणाऱ्या पोराचाही विचार करा, टाकी आणि बीसीडी मिळून तसेही १८-२० किलो होतात, त्यात अजून सहा किलो शिसं म्हणजे छोट्या बोटीच्या काठावरून त्याची कंबर गेली.

स्टीलची बॅकप्लेट (टाकी बसवायची पाठीवरची धातूची प्लेट) वापरणाऱ्यांसाठी एवढंच, प्लेटचं दोन-तीन किलो वजन टाकता येत नाही, गोव्याच्या पातळ सुटात तेवढ्यातच बरंचसं वेट संपतं, त्यामुळे प्लेट ॲल्युमिनियमची घ्या आणि उरलेलं बेल्टवर ठेवा.

बडी चेक करताना "वेट आहे ना" "आहे" एवढ्यावर सोडू नका. बडीचं बकल किंवा हँडल कुठे आहे ते हाताने धरून बघा आणि तुमचं त्याला धरायला लावा, तुम्ही बेशुद्ध असाल तर ते त्यालाच उघडायचंय. सोडायची वेळ आलीच तर बकल उघडून बेल्ट अंगापासून हातभर लांब न्यायचा, खाली कोणी नाही ना ते जमलं तर बघायचं आणि सोडायचा, नाहीतर तो टाकीत किंवा पायातल्या चाकूत अडकतो. याचा सराव सीझनच्या पहिल्या डायव्हलाच, बोटीच्या बाजूला दोर बांधलेल्या बेल्टवर करून घ्या, दोर असला की तांडेलही कुरकुर करत नाही.

घरी आल्यावर बेल्ट आणि पाऊच गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, बकलच्या बिजागरीतली रेती जुन्या टूथब्रशने काढा. उघडं शिसं हाताळलं असेल तर जेवायच्या आधी साबणाने हात धुवा, बोटीवरचे सामोसे खायच्या आधी पण.