डिजिटल स्क्रॅपबुकचा पसारा: काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, काय पुसायचं

डिजिटल स्क्रॅपबुक म्हणजे फोटो आणि सजावट कॉम्प्युटरवर जोडून केलेली आठवणींची वही. तिचं बारा बाय बारा इंचांचं एक पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० × ३६०० पिक्सेलचं होतं. त्यातला पार्श्वभूमीचा एकच पूर्ण लेयर (थर) मेमरीत सुमारे ३७ एमबी घेतो. त्यावर कागद, फोटो, फुलं, रिबिनी आणि प्रत्येकाची सावली चढत गेली की पीएसडी (फोटोशॉपची, सगळे लेयर जपणारी) फाइल सहज ३००-४०० एमबीवर जाते. शिवाय काम चालू असताना फोटोशॉप डिस्कवर तात्पुरती जागा (स्क्रॅच डिस्क) अडवतं ती वेगळीच. ही जागा बहुतेकदा सी ड्राइव्हवरच असते, आणि उतरवून ठेवलेल्या किटांनी (कागद, फुलं वगैरे सजावटीच्या तयार संचांनी) फुगलेला डाउनलोड्स फोल्डरही तिथेच. त्यामुळे कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की रॅम विकत घेण्याआधी सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे ते बघा.

पण लगेच पुसायला सुरुवात करू नका. आधी प्रत्येक फाइलसाठी एकच प्रश्न विचारा: ही गेली तर परत मिळेल का? मूळ फोटो आणि लेयर असलेली पानं परत मिळत नाहीत. विकत घेतलेली किटं कधी मिळतात, कधी नाही. दुकान बंद होतं, लिंकची मुदत संपते. उघडून झालेली झिप, छपाईसाठी काढलेली जेपीजी आणि तात्पुरत्या फाइली परत मिळतात किंवा पुन्हा करता येतात. फोल्डरची मांडणी, साफसफाई आणि बॅकअप या तिन्हींचा क्रम याच उत्तरावरून ठरतो.

दुसऱ्या ड्राइव्हवर, शक्यतो डी-वर, पाच फोल्डर करा:

०१-फोटो
०२-किट
०३-पानं
०४-छपाई
०५-आवक

ही नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत द्या. विंडोजला देवनागरी नावं चालतात, पण झिप करून छपाईच्या लॅबला पाठवल्यावर काही जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात. नवीन आलेलं सगळं ‘आवक’मध्ये पडेल अशी ब्राउझरची डाउनलोडची जागा बदलून टाका. महिन्याला हा फोल्डर रिकामा झालाच पाहिजे.

किटं

सगळ्यात मोठा गुंता इथेच होतो. झिप उघडताना ‘पाथ टू लाँग’ असा निरोप येतो, कारण विंडोजच्या जुन्या नियमानुसार पूर्ण पत्ता २६० अक्षरांत बसावा लागतो. डिझायनरचं नाव, किटचं नाव आणि पुन्हा आत तेच नाव असे फोल्डर एकात एक असले की ही मर्यादा भरते. उपाय सोपा आहे: झिप आधी डी ड्राइव्हच्या मुळाशीच ‘टी’सारख्या एका अक्षराच्या फोल्डरमध्ये उघडा, आतले जास्तीचे फोल्डर काढून टाका आणि मग ‘०२-किट’मध्ये ‘डिझायनर_किटचं नाव’ या नावाने हलवा. कागदांच्या जेपीजी आणि एलिमेंटच्या (फुलं, रिबिनी, बटणं अशा सुट्या सजावटीच्या) पीएनजी मोजून बघा, दोन-चार उघडून बघा. झिप त्यानंतरच पुसा. एखादी पीएनजी अर्धीच दिसत असेल तर डाउनलोड मध्येच तुटलं आहे, ते पुन्हा करा. लिंक एकदाच चालणारी असेल तर मात्र झिप बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

किटच्या प्रिव्ह्यू चित्राची एक प्रत ‘फोल्डर डॉट जेपीजी’ या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवली (अर्थात रोमन अक्षरांत) की विंडोज तेच चित्र फोल्डरवर दाखवतं. दोनशे पिवळ्या फोल्डरांतून शोधण्यापेक्षा हे फार बरं.

किट फोडून ‘फुलं’, ‘रिबिनी’, ‘बटणं’ असे फोल्डर करायचा मोह होतो. करू नका. वापराच्या अटींची फाइल एकीकडे राहते, फूल दुसरीकडे जातं, आणि वर्षभराने पान कुणाला दाखवताना श्रेय कुणाला द्यायचं तेच कळत नाही. शिवाय दोन किटांत ‘फ्लॉवर०१’ नावाची फाइल असली आणि हलवताना ‘रिप्लेस’ दाबलं गेलं की एक फूल कायमचं गेलं. किट अखंड ठेवा आणि शोधण्यासाठी टॅग (फाइलला लावलेले शोधशब्द) वापरा.

टॅग विंडोज एक्सप्लोररमध्ये करू नका. तिथे जेपीजीला टॅग लावता येतो, पीएनजीला नाही, आणि एलिमेंट तर सगळे पीएनजीच. अडोबी ब्रिज किंवा डिजिकॅम हे फाइली लावायचे प्रोग्रॅम घ्या. दोन्ही फुकट आहेत. डिजिकॅममध्ये टॅग फाइलमध्येच लिहिण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर ते नुसते त्याच्या डेटाबेसमध्ये राहतात आणि कॉम्प्युटर बदलला की पुसले जातात. प्रत्येक बटणाला टॅग लावत बसलात तर पान कधीच होणार नाही. किटच्या प्रिव्ह्यूला विषयाचा टॅग लावा: बारसं, दिवाळी, पाऊस, शाळा, प्रवास. सुटे टॅग फक्त नेहमी शोधाव्या लागणाऱ्या गोष्टींना: अक्षरमाला, फ्रेम, शिवण, चिकटपट्टी.

फोटोशॉप एलिमेंट्स (फोटोशॉपची सोपी आवृत्ती) सोबतचा फोटो लावायचा ऑर्गनायझर वापरत असाल तर फोल्डर नेहमी त्याच्या आतूनच हलवा. बाहेरून हलवले की त्याला फाइली सापडत नाहीत आणि प्रत्येक फोटो पुन्हा जोडत बसावं लागतं.

फोटो

वर्षाचा फोल्डर, त्यात ‘२०२५-०२-१४_बारसं’ असा प्रसंगाचा. वर्ष-महिना-दिवस असाच क्रम ठेवा, म्हणजे नावाने लावले तरी तारखेने लागतात. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो बारीक केलेला असतो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. ३०० डीपीआयला तो सव्वापाच इंचांच्या वर जात नाही, आणि पानभर ताणला की छपाईत भुरकट दिसतो. शिवाय काढल्याची तारीखही त्यातून गेलेली असते. मावशीला सांगा, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. तोवर आलेले फोटो प्रसंगाच्या फोल्डरमध्ये ‘व्हॉट्सअॅप’ या उपफोल्डरात ठेवा. मूळ आला की बदला.

पानं

‘२०२५_बारसं_०३_व२’: वर्ष, विषय, पान, आवृत्ती. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ ही नावं बंद. पान नेहमी पीएसडीतच जपा (जिंप प्रोग्रॅममध्ये एक्ससीएफ). लेयर एकत्र करून फक्त जेपीजी ठेवलीत तर एका चुकलेल्या तारखेपायी सगळं पान पुन्हा करावं लागतं. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली की दर वेळी दर्जा थोडा उतरतो, म्हणून प्रत्येक वेळी पीएसडीतूनच नवी काढा. स्मार्ट ऑब्जेक्ट (पानात मूळ रूपातच बसवलेली चित्रं) ‘लिंक्ड’, म्हणजे बाहेरच्या फाइलला जोडलेले असतील तर मूळ फाइल हलवल्यावर दुवा तुटतो. घरच्या कामाला ‘एम्बेडेड’, म्हणजे पीएसडीतच साठवलेले बरे, फाइल थोडी मोठी झाली तरी.

मराठी मजकुराची वेगळी गोष्ट. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलत्या जागी जाते, जोडाक्षर फुटतं, तेव्हा दोष बहुतेकदा फॉन्टचा नसतो. पॅरेग्राफ पॅनेलच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. जुन्या आवृत्तीत तो दिसत नसेल तर प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ भागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ करून प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. फॉन्ट युनिकोडच घ्या; मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बालू, मोदक हे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतो. शेकडो फॉन्ट एकाच वेळी बसवून ठेवू नका, प्रोग्रॅम सुरू व्हायला आणि फॉन्टची यादी उघडायला वेळ लागतो. बाकीचे एका फोल्डरात पडून राहू द्या, लागतील तेव्हा बसवा.

देखभाल

आठवड्याला: सगळं सेव्ह करून फोटोशॉप बंद करा आणि कॉम्प्युटर खरोखर ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर फास्ट स्टार्टअपमुळे काही गोष्टी तशाच जपल्या जातात. रीस्टार्टने स्वच्छ सुरुवात होते. फोटोशॉप अचानक बंद पडलं असेल तर ‘फोटोशॉप टेम्प’ आणि पुढे आकडे अशा नावाच्या मोठ्या फाइली डिस्कवर मागे राहतात. प्रोग्रॅम बंद असताना त्या पुसा.

महिन्याला: सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. इथे यादीत ‘डाउनलोड्स’सुद्धा असतं, त्यावर खूण नाही ना, ते बघूनच ‘रिमूव्ह’ दाबा. ‘स्टोरेज सेन्स’ चालू असेल तर त्यातही डाउनलोड्सपुढे ‘नेव्हर’ ठेवा. एसएसडीला डीफ्रॅग करायचं नसतं. विंडोज स्वतःच ठरावीक काळाने तिचं ‘ऑप्टिमाइझ’ करतं. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. क्रिस्टल डिस्क इन्फो चालवून डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ दिसलं तर त्याच दिवशी बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर.

‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ असा निरोप येऊन फोटोशॉप उघडतच नसेल, तर सुरू करताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा; दुसरा ड्राइव्ह निवडायला मिळतो. सोबत शिफ्ट दाबू नका, त्याने सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. चालू कामात जागा संपली तर ‘एडिट’मधलं ‘पर्ज’ वापरा, पण त्याने मागची ‘अनडू’ पुसली जाते. प्रेफरन्सेसच्या ‘फाइल हँडलिंग’मध्ये आपोआप सेव्ह दहा मिनिटांवरून पाचवर आणा. पावसाळ्यात वीज सारखी जात असेल तर डेस्कटॉपला यूपीएस हवाच. मोठी पीएसडी सेव्ह होताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते आणि बरेचदा उघडत नाही.

बॅकअप

तीन प्रती, दोन प्रकारच्या साठवणीत, एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीत आधी फोटो आणि पानं, किटं नंतर. गूगलच्या फुकट १५ जीबीत जीमेलही येतं, त्यामुळे सगळं मावणार नाही. सिंक (कॉम्प्युटर आणि ऑनलाइन साठा आपोआप सारखे ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे: इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं, तिथल्या ट्रॅशची मुदत संपेपर्यंतच काय ती सोय. बाहेरची डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची असेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा; फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. कॉपीला फ्रीफाइलसिंक चालेल, पण ‘मिरर’ (एका बाजूची हुबेहूब नक्कल दुसऱ्या बाजूला करणं) निवडताना डावी-उजवी बाजू दोनदा बघा. उलटी झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ‘मिरर’ होते.

बॅकअप झाल्यावर त्या डिस्कवरची एखादी जुनी पीएसडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. फॉन्ट नसल्याची सूचना आली तर पानांच्या फोल्डरात ‘फॉन्ट’ असा उपफोल्डर करा आणि वापरलेल्या फॉन्टच्या फाइली त्यात टाका.