दहा मोजले कोणी? दिव्यांगांना कुठलं काम जमेल ते तपासणाऱ्या असेसमेंटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

युडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), 2016 च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार, सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण हे तुम्हाला पाठ असणारच. दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवरच्या 40 टक्क्यांनी आरक्षणाचं दार उघडतं. माणसाला कुठलं काम जमेल, ते त्यात लिहिलेलं नसतं. असो.

मी फसले ती एका फळीपायी. बौद्धिक दिव्यांग मुलगा, वय 22. आमच्या खोलीत स्क्रू पॅकिंग करायचा. फळीला दहा भोकं, प्रत्येकात एक स्क्रू. फळी भरली की पिशवीत ओतायची. तासाला 40 पिशव्या, एकही चूक नाही. मी रिपोर्टात ठोकून दिलं, 'दहापर्यंत अचूक मोजतो.'

कामावर लागल्याच्या चौथ्या दिवशी सुपरवायझरचा फोन. पिशवीत कधी सात, कधी तेरा. "मॅडम, तुम्हीच लिहून दिलं होतं ना?" तिथे फळी नव्हती, ढिगातून मोजून घ्यायचे होते. इतके दिवस मोजत होती फळी, आणि मी ते मुलाच्या नावावर मांडलं होतं.

आता प्रत्येक निरीक्षणापुढे लिहिते: कशाच्या मदतीने? भोकं, रंगीत पट्टी, आईचं 'हं, पुढे', माझं मान हलवणं. हो, मानसुद्धा! स्वतःचा व्हिडिओ काढून बघा. मला तर लाज वाटली. मग एकेक मदत काढून घ्या आणि तेच काम पुन्हा करायला लावा. आईवडिलांना बाहेर बसवा, रागावले तरी. एखादी मदत लागणारच असेल तर ती रिपोर्टात स्पष्ट मागा. त्यात कमीपणा नाही, कायदा त्याला वाजवी सोय म्हणतो.

रिपोर्टचा फॉरमॅट मागू नका, मी देत नाही. नुसती नावं बदललेले रिपोर्ट लगेच ओळखू येतात. माझ्या एक सीनियर अर्ध्या तासात असेसमेंट उरकायच्या. बाई हुशार, पण कामाची जागा कधी बघितली नाही. तुम्ही जा. संडास किती लांब, भोंगा केवढ्याने वाजतो, डबा कुणाशेजारी बसून खायचा, हे खोलीत बसून कळत नाही.

सुरुवातीचे रिपोर्ट चुकतील. माझे चुकले, तुमचेही चुकतील, झोप उडवून घेऊ नका. फक्त चौथ्या दिवशीचा फोन उचला.

फळी मीच बसने नेऊन दिली. भोकं त्यांच्या स्क्रूंना मोठी पडली, मग सुताराकडून दुसरी करून घेतली. मुलगा अजून तिथेच कामाला आहे.