अमेरिकेच्या साउथवेस्टची जुनी गावं बघायला निघालात? या चुका टाळा

फिनिक्सला राहून आता सतरा वर्षं होतील. दर वर्षी भारतातून कोणी ना कोणी येतंच, कधी आई-बाबा, कधी सासरची मंडळी, कधी मित्रांचे आई-वडील, आणि ग्रँड कॅन्यन बघून झाला की गाडी मेसा व्हर्डे, चाको, मॉन्युमेंट व्हॅली, ताओस या मूळ अमेरिकन लोकांच्या जागांकडे वळते आणि ती बहुतेक वेळा मीच चालवते. इतक्या फेऱ्यांत त्याच त्याच चुका बघून आता खरंच जीव तुटतो. कारण यातल्या बऱ्याच चुकांचं नुकसान भरून येत नाही, सॉरी म्हणून तर नाहीच नाही.

"ते लोक गायब झाले म्हणे"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातून निघतात. मेसा व्हर्डेतली कड्याच्या पोटात बांधलेली घरं बघायची, क्लिफ पॅलेसच्या दीडशेएक खोल्या बघायच्या आणि म्हणायचं, काय झालं असेल हो या लोकांचं, कुठे गेले असतील! कुठेही गायब झाले नाहीत. १२७६ ते १२९९ असा मोठा दुष्काळ पडला, त्याआधीपासूनही ताण होताच, आणि तेराव्या शतकाच्या शेवटी लोक दक्षिणेकडे सरकले. त्यांचे वंशज आज होपी, झुनी, अकोमा, ताओस आणि रिओ ग्रांदे नदीच्या काठच्या प्वेब्लो, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, गावांत राहतात. मेसा व्हर्डेशी नातं सांगणाऱ्या पंचवीसहून जास्त जमाती आहेत आणि त्यांची माणसं तिथे अजून येतात. आपण दुष्काळात गाव सोडून शहरात आलो म्हणून गावचं घर बेवारस होतं का? मग यांचंच कसं होईल?

जुन्या पुस्तकांत "अनासाझी" हा शब्द सापडेल. तो शेजारच्या नवाहो जमातीच्या भाषेतला, अर्थ साधारण "शत्रूंचे पूर्वज" असा, त्यामुळे प्वेब्लो लोकांना तो आवडत नाही. पूर्वज प्वेब्लो म्हणा. आणि "रेड इंडियन" हा शब्द आपल्याकडे अजून सर्रास चालतो तो कृपा करून घरीच ठेवून या, जमातीचं नाव घ्या, नवाहो लोक स्वतःला दिने म्हणतात तेही लक्षात असू द्या. आणखी एक, गाइडला "वी आर द रिअल इंडियन्स" हा जोक सांगू नका. मी तो किमान दहा वेळा ऐकलाय, गाइडने किती वेळा ऐकला असेल विचार करा, आणि त्यामागे पाचशे वर्षांचं काय काय आहे तेही.

"एवढासा तर तुकडा आहे"

यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

चार वर्षांपूर्वी नवऱ्याचा मावसभाऊ, त्याची बायको आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा पुण्याहून आले होते. आम्ही चाकोला गेलो. प्वेब्लो बोनितो म्हणजे सहाशेपेक्षा जास्त खोल्यांची इमारत, काही भाग चार मजली, साधारण ८५० ते ११५० या काळात टप्प्याटप्प्याने बांधलेली. छान झाली ट्रिप, पोरगं सगळ्या छोट्या दारांतून वाकून वाकून फिरलं. निघालो, कच्चा रस्ता पार करून हायवेला लागलो आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "काकू, हे बघ काय मिळालं मला!" हातात दोन बोटं मावतील एवढी खापरी. पांढऱ्या अंगावर काळ्या रंगाच्या बारीक रेघा, एकमेकींना लागून पण एकही दुसरीवर चढलेली नाही, आणि एका कडेला रेघ संपताना कुंचला उचलल्याची खूण. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मडकं मांडीवर फिरवत त्या रेघा ओढल्या होत्या.

मी गाडी बाजूला घेतली. भाऊजी म्हणाले, "अहो वहिनी, एवढासा तर आहे, तिथे शेकड्याने पडलेत, कोणाला कळतंय." मला हे वाक्य सहन होत नाही. शेकड्याने पडलेत कारण आतापर्यंत आलेल्या लोकांनी ते तिथे राहू दिले. आणि कायद्याचं म्हणाल तर १९७९ पासून फेडरल कायदा आहे, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पण मला तेव्हा कायदा आठवला नव्हता, ती वस्तू गाडीत असणंच सहन होत नव्हतं. गाडी वळवली. हायवेपासून पार्क २१ मैल, त्यातले १३ कच्चे, गाडीत कोणी बोलत नव्हतं.

व्हिजिटर सेंटरमधल्या रेंजरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नकाशा पसरला आणि मुलाला म्हणाल्या की बोट ठेव, कुठे उचललंस. त्याने एका भिंतीवर बोट ठेवलं, मग दुसरीकडे, मग म्हणाला की नाही, त्या मोठ्या गोल खड्ड्याजवळ बहुतेक, आणि रडायलाच लागला. त्याला आठवत नव्हतं. खापरी त्यांनी ठेवून घेतली, पण ती परत जागेवर जाणार नव्हती, कारण जागा कोणती ते आता कोणालाच माहीत नव्हतं.

जागेचं एवढं काय, असं वाटत असेल तर हे वाचा. याच प्वेब्लो बोनितोच्या खापऱ्यांत शोषला गेलेला अंश संशोधकांनी तपासला आणि २००९ मध्ये जाहीर केलं की त्यात कोको आहे. उंच नळकांड्यासारख्या भांड्यांच्या त्या खापऱ्या होत्या. कोकोचं झाड वाढतं मेक्सिकोच्या उष्ण भागात आणि त्याच्याही खाली, म्हणजे हजार मैलांपेक्षा लांबून कोणीतरी ते पायी इथवर आणलं होतं. हे कळलं ते कचऱ्याच्या ढिगातल्या फुटक्या तुकड्यांवरून. कुठला तुकडा, कुठल्या थरातला, कशाशेजारचा हे नोंदलेलं होतं म्हणून कळलं. खिशात घालून पुण्याच्या शोकेसमध्ये ठेवला की तो तुकडा मुका होतो.

आता माझी पद्धत सांगते. पार्किंगमधून गाडी काढायच्या आधी सगळ्यांचे खिसे उलटे, मोठ्यांचेसुद्धा, सासऱ्यांनाही मी सांगितलंय. मुलांना आधीच वही-पेन्सिल देते, आवडलेली खापरी बघायची आणि तिथेच बसून नक्षी काढायची. उचलून, फोटो काढून परत ठेवणं हेही नको. आणि काही ठिकाणी एखाद्या दगडावर आधीच्या लोकांनी वेचून मांडलेलं "प्रदर्शन" दिसेल, त्यात भर घालू नका, तो प्रत्येक तुकडा त्याच्या जागेवरून हललेला आहे.

थोडक्यात, पण तितकंच महत्त्वाचं

भिंतीला टेकून फोटो नाही. चित्रं कोरलेल्या खडकाला हात नाही, हाताचं तेल राहतं. अवशेषांजवळ डबा उघडू नका, चिवड्याचे दाणे सांडले की उंदीर येतात आणि भिंतीखाली बिळं करतात. नाणी, फुलं, हळद-कुंकू वाहू नका, मनापासून नमस्कार करा तेवढा पुरे. ड्रोन घरीच. मॉन्युमेंट व्हॅली नवाहोंची आहे, नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही, त्यावरून गेटवर हुज्जत घालू नका. दागिने घेताना कारागिराशी घासाघीस नको, ती त्याच्या हातांची किंमत आहे.

बंद आहे म्हणजे बंद आहे

आपल्याला वाटतं पाटी इतरांसाठी असते. चाकोत फहादा ब्यूट नावाचा एकटा उभा सुळका आहे. १९७७ मध्ये त्याच्या माथ्याजवळ लक्षात आलं की तीन शिळांच्या फटींतून येणारी उन्हाची तिरीप खडकावर कोरलेल्या सर्पिलाच्या बरोबर मधून जाते, उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी. बातमी पसरली, माणसं चढायला लागली, १९८२ मध्ये तो बंद केला. पण १९८९ मध्ये दिसलं की शिळांच्या पायाशी माती झिजून शिळा सरकल्यात, तिरीप आता पूर्वीच्या जागी पडत नाही. कोणी वाईट हेतूने काहीच केलं नव्हतं, नुसते पाय लागले. आता कोणी मला म्हणालं की आपण चारच जण तर आहोत, पटकन जाऊन येऊ, तर मी ही तिरीप सांगते.

कीवा म्हणजे जमिनीखालच्या गोल खोल्या, तिथे विधी व्हायचे आणि प्वेब्लो गावांत आजही होतात. कितीतरी कीवांच्या तळाशी एक छोटं भोक असतं, सिपापू, लोक या जगात जिथून आले त्या जागेची ती खूण. कासा रिंकोनाडा या मोठ्या कीवात बाहेरून आलेल्यांनी आपापले विधी केले, राखसुद्धा टाकली, आता तिथे आत उतरता येत नाही, वरूनच बघायचं. आणि आपल्यातल्या काहींना हे यज्ञकुंड दिसतं, मग आपलेच ऋषी इथे आले होते वगैरे व्हॉट्सॲपवरचं सुरू होतं, तेही गाइडसमोर. त्यांच्या पूर्वजांनी बांधलेलं त्यांच्याच पदरातून काढून घेणं झालं हे. मी आता तिथल्या तिथे थांबवते, पाहुणे असले तरी.

कॅमेरा आधी, माणूस नंतर

ताओस प्वेब्लो हे अवशेष नाहीत, राहतं गाव आहे. मातीची अनेक मजली घरं, हजारेक वर्षं वस्ती, १९९२ पासून जागतिक वारसा, आणि जुन्या तटाच्या आत आजही वीज नाही की नळ नाही, ठरवून. तिथे लोक दुकान समजून कोणाचंही दार ढकलतात. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नाही, चर्चच्या आत नाही, दफनभूमीत पाय नाही. सणाच्या दिवशी तर फोनच बाहेर काढायचा नाही. होपी गावांत फोटो, रेकॉर्डिंग, इतकंच काय स्केचसुद्धा चालत नाही. आपल्या घरी देवीचा गोंधळ चालू असताना कोणी अनोळखी देव्हाऱ्यापुढे सेल्फी घेत उभा राहिला तर? तसंच आहे हे. नाच संपला की टाळ्या वाजवू नका, तो कार्यक्रम नाही, प्रार्थना आहे. आणि सणाला कोणी जेवायला घरात बोलावलं तर जा, पोटभर जेवा, आभार माना आणि उठा. पंगत आहे ती, पुढचे लोक दारात उभे असतात.

मला हमखास विचारतात, ताओसचा तो ब्लू लेक कसा बघायचा? बघायचा नाही. १९०६ मध्ये सरकारने तो काढून घेतला, ताओसच्या लोकांनी चौसष्ट वर्षं झगडून १९७० मध्ये ४८ हजार एकर जंगलासकट परत मिळवला. त्यांचं पवित्र स्थान आहे, बाहेरच्यांना प्रवेश नाही, आणि प्रत्येक सुंदर जागा आपल्याला बघायला मिळालीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

दोन दिवसांत चार ठिकाणं

शुक्रवारी रात्री फिनिक्सहून निघायचं, मॉन्युमेंट व्हॅली, मेसा व्हर्डे, चाको, ताओस करून रविवारी रात्री परत, असा प्लॅन मला व्हॉट्सॲपवर येतो आणि मी सरळ नाही म्हणते. घाईतच सगळे शॉर्टकट सुचतात, दोरीखालून जाणं, गाइडशिवाय कॅन्यन डी शे या नवाहोंच्या दरीत उतरू बघणं. तिथे आत आजही नवाहो कुटुंबं शेती करतात, नवाहो गाइड घ्यायलाच हवा आणि आनंदाने घ्या, त्याच्याशिवाय समोरचं काही कळणार पण नाही. ट्रिपला दोन ठिकाणं, जास्तीत जास्त तीन.

घड्याळाचं प्रकरण वेगळंच. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन करतं, नवाहोंच्या मधोमध असलेले होपी करत नाहीत. फोन स्वतःहून पुढेमागे होतो आणि टूर चुकते. बुक करतानाच विचारा की वेळ कुठली, आणि कागदावर लिहून ठेवा.

पावसाळी ढग असतील तर तर अजिबात हट्ट नको. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक लोंढा आला, अकरा जण गेले, आणि पाऊस पडला होता कित्येक मैल लांब. गाइड नाही म्हणाला की विषय संपला, पैशांचं नंतर बघू. चाकोचा कच्चा रस्ताही पावसात चिखल होतो, निघण्याआधी पार्कला फोन करा.

मेसा व्हर्डेत बाल्कनी हाउसला ३२ फुटी शिडी आहे आणि नंतर जेमतेम दीड फूट रुंद बोगद्यातून रांगत जायचं असतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आई-बाबांना तिथे ओढत नेऊ नका. वरच्या पठारावर 'फार व्ह्यू' नावाची जागा आहे, तिच्यासारखी जागा सपाट असते, सावकाश फिरता येतं.

माझी आई बहात्तराव्या वर्षी आली होती. शिड्या नको म्हणाली. एका ठिकाणी दळायचा दगड होता, खोलगट झिजलेला, वर आडवा वरवंट्यासारखा दगड. आई त्याच्यापासून हातभर लांब उकिडवी बसली. हात पुढे गेला आणि तिने तो मागे घेतला, मांडीवर ठेवला. शेजारच्या भिंतीत दगडांच्या मधल्या गिलाव्यावर बोटांचे ठसे होते, ओल्या मातीत दाबलेले, लहान हातांचे. ती बराच वेळ दोन्हींकडे बघत होती. मग म्हणाली, "डावीकडे जास्त झिजलाय बघ. आईचा पाटा असाच होता." आणि मग, "यांच्या लेकी-सुना येतात का गं इथे कधी?"

येतात, मी म्हटलं.

"मग चल, आपण जरा बाजूला होऊ."

मागे कोणीच नव्हतं, तरी आम्ही बाजूला झालो.