विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातील चुका कशा मोजाव्यात: शिक्षकांनी करावयाच्या छोट्या संशोधनाची पद्धत

वह्या तपासताना शिक्षक चूक शोधतो, तिच्याखाली रेघ ओढतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. त्याच वह्यांवर संशोधन करायचे ठरवले की कामाचे स्वरूप बदलते. कोणती चूक किती वेळा झाली एवढे सांगून भागत नाही. ती चूक होण्याची संधी किती वेळा आली होती आणि त्यांपैकी किती वेळा विद्यार्थ्याने बरोबर लिहिले, हेही सांगावे लागते. इंग्रजी अध्यापनावरील शोधनिबंध वाचताना हा दुसरा आकडा मी आधी शोधतो, कारण तो नसेल तर मेहनतीने गोळा केलेल्या पहिल्या आकड्यालाही फारसा अर्थ उरत नाही. पुढे दिलेली पद्धत एकट्या शिक्षकाला, एका वर्गात, एका सत्रात पार पाडता येईल अशी आहे.

विद्यार्थ्याच्या चुकीकडे पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी उपयोजित भाषाविज्ञानाला प्रामुख्याने एस. पिट कॉर्डर यांच्या १९६७ सालच्या लेखाने दिली. घाईत, थकव्याने किंवा लक्ष विचलित झाल्याने होणारी चूक आणि विद्यार्थ्याच्या मनातील नियमच वेगळा असल्यामुळे सातत्याने होणारी चूक यांत त्यांनी फरक केला. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी 'अंतरभाषा' ही संज्ञा मांडली. शिकणाऱ्याची इंग्रजी म्हणजे शुद्ध इंग्रजीचे मोडके रूप नसून, स्वतःचे नियम असलेली आणि बदलत जाणारी एक व्यवस्था आहे, असा तिचा आशय आहे. ही भूमिका मान्य केली की 'विद्यार्थ्यांना काय येत नाही' या प्रश्नाची जागा 'विद्यार्थी कोणत्या नियमाने लिहीत आहेत' हा प्रश्न घेतो, आणि संशोधनाला खरी सुरुवात होते.

प्रश्न लहान करणे

'विद्यार्थ्यांचे इंग्रजी कच्चे का आहे' हा संशोधनाचा प्रश्न नव्हे, कारण त्याचे उत्तर कोणत्या पुराव्याने मिळेल हे त्यातून कळत नाही. व्याकरणातील एकच रूप निवडावे आणि ते कुठे तपासायचे हेही ठरवावे. या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेणार आहे. साध्या वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर इंग्रजी क्रियापदाला 'एस' हा प्रत्यय लागतो. विद्यार्थी तो किती प्रमाणात लावतात, आणि 'ही गेट्स अप अर्ली अँड गोज टु स्कूल' अशा 'अँड'ने जोडलेल्या वाक्यातील दुसऱ्या क्रियापदाला तो कमी वेळा लागतो का, हा आपला प्रश्न असू द्या. प्रश्न एवढा लहान असला की उत्तर 'हो' आले काय किंवा 'नाही' आले काय, दोन्हींतून काही शिकता येते.

लेखन गोळा करणे

हवे असलेले रूप वापरण्याची गरज पडेल असाच लेखनाचा विषय द्यावा लागतो. 'मी केलेला प्रवास' हा विषय दिला तर सगळा मजकूर भूतकाळात येईल आणि आपला प्रत्यय क्वचितच भेटेल. 'माझा दिनक्रम' दिला तर कर्ता प्रथमपुरुषी होईल. परिचयातील एका व्यक्तीचा दिनक्रम लिहायला सांगितला तर मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्यात प्रत्ययाची जागा निर्माण होते. तीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी सुमारे १५० शब्द लिहिले तर ४,५०० शब्दांचा संग्रह तयार होतो, आणि एका लेखनात अशा दहा जागा जरी आल्या तरी तपासायला ३०० जागा मिळतात. एवढ्या लहान प्रश्नासाठी हा संग्रह पुरेसा आहे.

सर्वांना विषय, वेळ आणि सूचना सारख्याच द्याव्यात, शब्दकोश वापरू द्यायचा की नाही हे आधीच ठरवावे, आणि पहिला कच्चा मसुदाच गोळा करावा. आपण 'एस' प्रत्यय पाहणार आहोत हे विद्यार्थ्यांना आधी कळू देऊ नये, परंतु त्यांचे लेखन अभ्यासासाठी वापरले जाणार आहे हे त्यांना सांगणे आणि संमती घेणे आवश्यक आहे. विद्यार्थी अल्पवयीन असतील तर पालकांचीही संमती घ्यावी. आपल्याच वर्गावर अभ्यास करताना ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण शिक्षकाला 'नाही' म्हणणे विद्यार्थ्याला जड जाते. म्हणून नकाराचा गुणांवर परिणाम होणार नाही हे लेखी द्यावे. नावांऐवजी क्रमांक वापरावेत. मजकूर संगणकावर उतरवताना शुद्धलेखनाची एकही चूक दुरुस्त करू नये, आणि अक्षर लागले नाही तर अंदाजाने भरण्याऐवजी तशी खूण करावी. मजकूर साध्या स्वरूपात साठवला तर लॉरेन्स अँथनी यांच्या 'अँटकॉन्क' या विनामूल्य साधनाने त्यात शब्द त्यांच्या संदर्भासह शोधता येतात, मात्र गळलेला प्रत्यय संगणक शोधून देत नाही. तो शोधण्यासाठी प्रत्येक ओळ वाचावीच लागते.

चूक कोणती, हे ठरवणे

हा टप्पा वाटतो त्यापेक्षा कठीण आहे. विद्यार्थ्याला काय म्हणायचे होते हे कळल्याशिवाय त्याने लिहिलेले चूक आहे की नाही हे ठरवता येत नाही. कॉर्डर यांनी येथेही उपयुक्त भेद केला आहे: विद्यार्थ्याला विचारून मिळालेला अर्थ हा अधिकृत, आणि संदर्भावरून आपण लावलेला अर्थ हा केवळ संभाव्य. शक्य असेल तेव्हा दोन-तीन दिवसांच्या आत विद्यार्थ्याला विचारावे.

काही जागा संदिग्धच राहतात. 'शी पुट द बुक ऑन द टेबल' या वाक्यात 'पुट' हे भूतकाळाचे रूप म्हणून बरोबर आहे आणि वर्तमानकाळाचे म्हणून चूक. 'कट', 'हिट', 'शट' यांच्याबाबतीतही हेच घडते. आजूबाजूच्या वाक्यांवरून काळ ठरत नसेल तर अशी जागा मोजणीतून वगळावी आणि किती जागा वगळल्या तो आकडा अहवालात द्यावा. शुद्धतेचा मानदंडही आधी लिहून ठेवावा. 'द टीम प्ले एव्हरी संडे' हे ब्रिटिश इंग्रजीत चालते, कारण समूहवाचक नामानंतर तेथे अनेकवचनी क्रियापद स्वीकारले जाते. अमेरिकन इंग्रजीत ते सहसा चुकीचे धरले जाईल. असे निर्णय मोजताना बदलत गेले तर शेवटचा आकडा विद्यार्थ्यांविषयी न राहता तपासणाऱ्याच्या मनःस्थितीविषयी होतो.

एका वाक्यातील दोन चुका वेगळ्या ठेवण्याचीही सवय लावावी. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' या वाक्यात काळाचा प्रश्न वेगळा आहे आणि 'फॉर'च्या जागी आलेल्या 'सिन्स'चा वेगळा. मराठीत 'पाच वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून' या दोन्ही ठिकाणी 'पासून' चालते, म्हणून हे दोन प्रश्न आपल्याला एकच वाटतात.

मोजणी

समजा, एका विद्यार्थिनीने प्रत्यय १२ ठिकाणी गाळला आणि दुसऱ्या विद्यार्थ्याने ४ ठिकाणी. नुसत्या चुका मोजल्या तर विद्यार्थिनी तिप्पट कच्ची ठरते. परंतु तिच्या लेखनात प्रत्ययाच्या ६० जागा होत्या आणि तिने ४८ ठिकाणी तो बरोबर लावला, तर दुसऱ्याच्या लेखनात फक्त ६ जागा होत्या आणि त्याने २ ठिकाणी लावला. तिचे प्रमाण ८० टक्के आहे, त्याचे ३३. जिने जास्त आणि धीटपणे लिहिले तिलाच चुकांच्या यादीने खाली ढकलले असते.

जेथे ते रूप आलेच पाहिजे अशा जागांना 'अनिवार्य संदर्भ' म्हणतात. रॉजर ब्राउन यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या तीन मुलांच्या बोलण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही मोजणी वापरली होती, आणि अनिवार्य संदर्भांपैकी ९० टक्के ठिकाणी रूप आले की ते आत्मसात झाले, असा निकष ठेवला होता. या मोजणीत एक उणीव राहते. जो विद्यार्थी 'ही गोज' लिहितो, पण 'दे गोज' आणि 'ही कॅन गोज' असेही लिहितो, त्याला अनिवार्य संदर्भांत पूर्ण गुण मिळतात, जरी प्रत्यय कुठे लावू नये हे त्याला ठाऊक नसले तरी. टेरेसा पिका यांनी १९८३ साली सुचवलेल्या मोजणीत छेदस्थानी अनिवार्य संदर्भांच्या संख्येत नको त्या ठिकाणी वापरलेल्या रूपांची संख्याही मिळवली जाते. विद्यार्थ्याने २० पैकी २० जागा बरोबर भरल्या, पण आणखी ५ ठिकाणी प्रत्यय विनाकारण लावला, तर त्याचे प्रमाण २० भागिले २५, म्हणजे ८० टक्के येते. माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत, कारण त्यांच्यातील अंतरच विद्यार्थ्याच्या मनातील नियमाविषयी सर्वांत जास्त सांगते.

विद्यार्थी एखादी रचना टाळत तर नाहीत ना, हेही पाहावे. जॅकलिन शाक्टर यांनी १९७४ साली दाखवून दिले की इंग्रजीतील संबंधी उपवाक्यांत चिनी आणि जपानी भाषकांच्या चुका अरबी आणि फारसी भाषकांपेक्षा कमी होत्या, परंतु त्याचे कारण हे की त्यांनी ती उपवाक्ये मुळातच फार कमी वापरली होती. आपल्या उदाहरणात जो विद्यार्थी 'अँड' न वापरता प्रत्येक क्रिया स्वतंत्र वाक्यात लिहितो, त्याची नोंद वेगळी ठेवावी.

शेवटी, सर्वांच्या जागा एकत्र करून एकच टक्केवारी काढू नये. प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रमाण काढून मग मध्यांक द्यावा. एरवी भरपूर लिहिणारे तीन-चार विद्यार्थीच सगळ्या वर्गाच्या वतीने बोलू लागतात.

दुसऱ्याकडून पडताळणी

संग्रहाचा पाचवा हिस्सा तरी सहकाऱ्याकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावा. दोघांचे किती टक्के जुळले एवढ्यावर समाधान मानू नये, कारण काही जुळणी योगायोगानेही होते. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला 'कप्पा' हा गुणांक तो भाग वजा करतो. समजा, १०० जागांपैकी ९० ठिकाणी दोघांचे मत सारखे आहे, आणि प्रत्येकाने ८० जागा 'बरोबर' व २० 'चूक' ठरवल्या आहेत. नुसत्या योगायोगाने जुळण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.६८ होते. ०.९० मधून ०.६८ वजा करून आलेल्या ०.२२ ला, १ मधून ०.६८ वजा करून आलेल्या ०.३२ ने भागले की कप्पा सुमारे ०.६९ येतो. नव्वद टक्क्यांइतका तो दिलासा देत नाही, पण तो अधिक खरा आहे. सहकारी मिळत नसेल तर तीन आठवड्यांनी आपणच, आधीच्या खुणा न पाहता, पुन्हा तपासावे.

कारण सांगताना

'मातृभाषेचा प्रभाव' हे कारण फार सहज सुचते, म्हणूनच ते सर्वांत शेवटी लिहावे. रॉबर्ट लाडो यांच्या १९५७ सालच्या मांडणीपासून दोन भाषांमधील फरकावरून अडचणींचे भाकीत करण्याची परंपरा आहे, आणि 'अ', 'ॲन', 'द' यांसारखी उपपदे मराठीत नसल्यामुळे ती गळतात हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. मात्र आपल्या 'एस' प्रत्ययाला ते लागू पडत नाही. मराठी क्रियापद कर्त्याप्रमाणे इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक बदलते: मी जातो, तू जातोस, ती जाते, ते जातात. मग मराठी भाषक विद्यार्थी 'ही गो' का लिहितो? १९७४ साली हाइडी ड्युले आणि मरिना बर्ट यांना स्पॅनिश आणि चिनी भाषक मुलांमध्ये इंग्रजीच्या अशा रूपांचा क्रम बराचसा सारखा आढळला होता, म्हणजे अडचणीचा काही भाग इंग्रजीतच आहे.

'अँड'ने जोडलेल्या वाक्यात ही शंका थेट तपासता येते. मराठीत आपण 'तो लवकर उठून शाळेत जातो' असे म्हणतो; पहिले क्रियापद 'ऊन' लावून मोकळे राहते आणि कर्त्याशी जुळणारा प्रत्यय शेवटच्या क्रियापदाला लागतो. हीच सवय इंग्रजीत उतरत असेल तर पहिल्या क्रियापदाचा 'एस' अधिक गळायला हवा. दुसऱ्याचाच अधिक गळताना दिसला तर मराठीकडे बोट दाखवता येणार नाही. स्कॉट जार्व्हिस यांनी २००० साली मातृभाषेचा प्रभाव सिद्ध करण्यासाठी तीन प्रकारचे पुरावे मागितले: एकाच मातृभाषेच्या विद्यार्थ्यांमध्ये साम्य, वेगळ्या मातृभाषांच्या गटांमध्ये फरक, आणि मातृभाषेतील वापराशी जुळणी. आपल्याकडे एकच गट असेल तर दुसरा पुरावा मिळूच शकत नाही, आणि तसे अहवालात स्पष्ट लिहावे.

याच अभ्यासाला जोडून 'मी लाल शाईने दुरुस्ती केल्यावर सुधारणा झाली' असा दावा करण्याचा मोह होतो. लेखनातील व्याकरणदुरुस्तीचा उपयोग होतो का, यावर जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली जोरदार आक्षेप घेतला, १९९९ साली डॅना फेरिस यांनी त्याला उत्तर दिले आणि त्यातून दीर्घकाळ चाललेला वाद उभा राहिला. त्यात शिरायचे असेल तर दुरुस्ती न मिळालेला तुलनेचा गट आणि काही आठवड्यांनंतरचे नवे लेखन या दोन्ही गोष्टी लागतात. त्याच निबंधाची सुधारलेली प्रत हा पुरावा पुरेसा नाही.

निष्कर्ष लिहिण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या लेखनातील सर्व जागांचा एक कागद द्यावा, ज्यावर बरोबर आणि चूक अशा दोन्ही ओळी सरमिसळ असतील आणि कोणतीही खूण नसेल. त्याला स्वतःहून जेवढ्या जागा दुरुस्त करता येतील, त्या कॉर्डर यांच्या अर्थाने बहुधा केवळ निसटलेल्या चुका आहेत. ज्या ओळी तो वाचून तशाच ठेवतो, तेथे त्याचा नियम वेगळा आहे. 'ही ओळ तू अशी का ठेवलीस' हा प्रश्न विचारून मिळालेली उत्तरे विद्यार्थ्याच्याच शब्दांत टिपून घ्यावीत आणि टक्केवारीच्या तक्त्याच्या शेजारीच छापावीत.