डोळा शार्प आलाच पाहिजे: मॅक्रो फोटो कसे काढावेत

मॅक्रो म्हणजे किड्यासारख्या इवल्या गोष्टीचा अगदी जवळून काढलेला फोटो. कॅमेरा हाताळता येतो आणि मॅन्युअल मोड माहीत आहे, असं धरून चालते. लेन्सचं थोडक्यात सांगते. साध्या ५० मिमी लेन्समागे एकूण ५० मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) लावल्या की १:१, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्या खऱ्या आकाराएवढी प्रतिमा मिळते. मात्र किडा लेन्सच्या अगदी तोंडाशी येतो आणि बुजतो. म्हणून कीटकांसाठी ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स घ्या, सेकंडहँड असली तरी चालेल.

ऋतू बघून विषय ठरवा

मृगाचे पहिले पाऊस पडले की जमिनीवर लाल मखमली मृगाचे किडे निघतात. ते थोडेच दिवस दिसतात, तेव्हा जूनमध्ये आधी त्यांच्याकडे वळा. भर पावसात कुजक्या लाकडावरच्या बुरशी आणि गोगलगायी. सप्टेंबरात कासचं पठार: सीतेची आसवं आणि गेंद ही फुलं, आणि दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती. या दवबिंदूच्या केसांवरचे थेंब म्हणजे किडे पकडायचा चिकट द्रव, त्यामुळे ऊन चढल्यावरही ते चमकत राहतात. त्यांच्यासाठी पहाटे धावायची गरज नाही. पायवाट सोडायचीही नाही. फुलं तुडवून काढलेल्या फोटोला मी फोटो मानत नाही.

थंडीत मात्र पहाटच हवी. चतुर आणि टाचण्या (चतुरांसारखेच पण सडपातळ कीटक) रात्रीच्या गारठ्याने सुस्तावून गवताच्या काडीला बिलगलेल्या असतात, अंगावर दव असतं, आणि ऊन लागून अंग तापेपर्यंत त्या सहसा उडत नाहीत. उन्हाळ्यात रुईचं एक झुडूप पुरतं, त्यावर रंगीबेरंगी टोळ आणि फुलपाखरांच्या अळ्या मिळतात. कुठेच जाणं जमत नसेल तर कुंडीतला कढीपत्ता किंवा लिंबू तपासा. पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर नीट बघा, लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी अशीच दिसते.

सेटिंग

एफ/११, १/२०० सेकंद, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअलवर. संपलं.

फोकस: सगळा खेळ इथे आहे

मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते याच टप्प्याने, आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही याच टप्प्याबद्दल मिळतात. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १:१ ला एफ/११ ठेवलं तर शार्प दिसणारी खोली साधारण १.३ मिलिमीटर असते. एफ/५.६ ला त्याच्याही निम्मी. एवढ्या पातळ पट्ट्यात किड्याचा डोळा बसवायचा आहे. पाय, मिशा, पंख हे नंतर. डोळा गेला की फोटो गेला.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘एफ/२२ कर, सगळं शार्प येईल.’ हे ऐकू नका. १:१ ला अ‍ॅपर्चर प्रत्यक्षात दुप्पट आकड्याचं होतं: एफ/११ हे एफ/२२ सारखं वागतं आणि एफ/२२ हे एफ/४४ सारखं. इतक्या बारीक छिद्रातून येताना प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. खोली वाढते, पण त्या खोलीत बारकावे उरत नाहीत. एफ/११ च्या पुढे मी क्वचितच जाते.

दुसरी गोष्ट: ऑटोफोकस बंद करा. इतक्या जवळून लेन्स पुढे-मागे शोधत बसते आणि तेवढ्यात किडा निघून जातो. आधी लेन्सची रिंग फिरवून किती मोठं दिसायला हवं ते ठरवा. मग रिंगला हात लावायचा नाही. पुढे-मागे व्हायचं ते तुम्ही, अख्ख्या अंगानिशी. कोपरं गुडघ्यांवर किंवा जमिनीवर टेका, अर्धा श्वास सोडा आणि अगदी सावकाश पुढे झुका. श्वास फार वेळ रोखून धरलात तर हात थरथरतात. डोळा शार्प दिसला की मग बटण दाबू म्हणाल तर उशीर झालेला असतो, कारण तोवर तुम्ही तो मिलिमीटर ओलांडलेला असतो. डोळा शार्प होत येतोय असं दिसतानाच दाबा, आणि त्याच झुकण्यात तीन-चार फ्रेम घ्या.

किडा काडीवर किंवा पानाच्या टोकाशी असेल तर डाव्या हाताच्या दोन बोटांत ती काडी अलगद धरा आणि लेन्स त्याच हातावर टेकवा. आता वारा आला तरी काडी आणि लेन्स एकत्र हलतात, त्यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही. या एका युक्तीने माझे जितके फोटो वाचले तितके कुठल्याही महागड्या उपकरणाने वाचले नाहीत. जिवंत किड्यांसाठी ट्रायपॉड घरी ठेवा. तो लावून होईपर्यंत समोर फक्त पान उरतं.

कोन विचारपूर्वक निवडा. १.३ मिलिमीटरचा पट्टा सेन्सरला समांतर असतो, तेव्हा जे शार्प हवं तेही समांतर आणा. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू बरोबर बाजूने घ्या. चतुर वरून किंवा बाजूने. तिरके उभे राहिलात तर डोळा येईल पण पंखाचं टोक जाईल. उडी मारणाऱ्या कोळ्याला समोरून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरून घ्या. त्याचे पुढचे दोन मोठे डोळे एकाच सपाटीत येतात, आणि ते शार्प असले की मागचं धूसर झालेलं छानच दिसतं.

हा सराव किड्यांवर करू नका, घरी करा. टेबलावर मोजपट्टी ४५ अंशांत टेकवून ठेवा, ५ सेंटीमीटरच्या रेघेवर नेम धरून फोटो काढा आणि मोठा करून बघा. रेघ ४.८ वर शार्प येतेय की ५.२ वर, यावरून बटण दाबताना तुम्ही पुढे सरकता की मागे ते कळतं. नंतर मोहरीचे दाणे, जाड्या मिठाचे खडे. मिठाच्या खड्याच्या कडा काटेकोर असतात, चूक लगेच दिसते.

फोकस स्टॅकिंग, म्हणजे थोडा थोडा फोकस सरकवत घेतलेल्या फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये जोडणं, हे बुरशी, बिया, दवाने भरलेलं निश्चल पान यांच्यासाठी. तिथे ट्रायपॉड हवाच. किडा निश्चल राहावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवण्याचा किंवा त्याच्यावर पाणी फवारण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाकडून पुढे काहीही शिकू नका. अशा जीवाची बसण्याची ढबच बिघडते, आणि जाणकाराला ती लगेच ओळखू येते.

प्रकाश

फ्लॅशसमोर डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा, लावा. पॅकिंगमध्ये येणारी पातळ पांढरी फोमशीट किंवा बटर पेपर पुरतो. तो मोठा हवा आणि थेट लेन्सच्या टोकापर्यंत पुढे आलेला हवा. किड्याच्या मानाने प्रकाश जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा भगभगीत ठिपका आला तर डिफ्यूझर लहान आहे असं समजा. फ्लॅशची शक्ती १/१६ च्या आसपास असू द्या. त्या शक्तीवर चमक इतकी क्षणिक असते की हाताचा कंपही गोठतो.

जमिनीवर टेकण्याआधी

कोकणातल्या सड्यांवर आणि जांभ्याच्या कातळावर फुरसं हा विषारी साप असतो. ते लहान असतं आणि मातीच्या रंगात मिसळून जातं. कोपर टेकण्याआधी ती जागा डोळ्यांनी तपासा, दगड हाताने उलटू नका. पावसाळी जंगलात जळवा लागतील, त्यांचं विशेष काही नाही. लेन्सला मात्र बुरशी लागते: घरी आल्यावर ओली बॅग बंद ठेवू नका, लेन्स पुसून सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा.

फोटो निवडताना

१०० टक्के मोठा करून फक्त डोळा बघा. डोळा मऊ असेल तर रंग कितीही सुंदर असो, काढून टाका. आणि प्रत्येक किड्याचा एक साधा, वरून घेतलेला, अख्खं शरीर दाखवणारा फोटो राखून ठेवा. तारीख, जागा आणि तो कुठल्या झाडावर होता हेही लिहा. नाव शोधायला बसाल तेव्हा सुंदर पोर्ट्रेटपेक्षा हा साधा फोटो आणि झाडाचं नावच उपयोगी पडतं.