जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन परत बसवताना क्लच प्लेट सेंटरला कशी आणायची

आपल्याकडं मोहोळ, पंढरपूर भागात ऊस वाहणाऱ्या जुन्या गाड्यांची क्लच प्लेट लवकर जाते. नवीन टाकली की इंजिन गिअरबॉक्सला चिकटतच नाही, बोटभर फट राहते, कारण प्लेट सेंटरला नसते, म्हणून गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या मधल्या भोकात शिरत नाही.

आधी फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) पेट्रोलनं पुसा आणि त्याच्या मधलं पायलट बेअरिंग, ज्यात शाफ्टचं टोक बसतं, ते बोटानं फिरवून बघा, खरखरलं तर आत्ताच बदला. प्लेटवर बहुतेक 'फ्लायव्हील साइड' लिहिलेलं असतं ते वाचा, उलटी बसली तर सगळं परत खोलावं लागतं. मग त्याच मॉडेलचा गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट प्लेटच्या दातऱ्यांतून थेट बेअरिंगमध्ये घाला, शाफ्ट नसेल तर लेथवाल्याकडून मापाचा लाकडी दांडा करून घ्या, आणि तो आत असतानाच प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. शेवटी दांडा हातानं सहज निघाला पाहिजे, अडकला तर बोल्ट ढिले करून परत करा.

जोडताना गाडी गिअरमध्ये टाका, फ्लायव्हील हळूहळू फिरवत इंजिन सरळ गिअरबॉक्सकडं ढकला, दातरे जुळले की ते आपोआप आत सरकतं. बोल्ट आवळून ओढायचं नाही, हब (प्लेटचा मधला भाग) वाकतो नायतर हाउसिंगचा (बाहेरच्या कवचाचा) बोल्टचा कान तुटतो. आमच्या एका गाडीचा तुटलाय.