अ‍ॅपवरून टॅक्सी मागवताना सामानाच्या या चुका टाळा

अमेरिकेहून आलेल्या ताईला घ्यायला मी मुंबई विमानतळावर गेलो होतो. ताई, दाजी, भाची आणि मी, म्हणजे चार माणसं. म्हणून सेडान बुक केली. ड्रायव्हरने डिकी उघडली, तर आत सीएनजीची टाकी आडवी पडलेली! उरलेल्या जागेत एक केबिन बॅग आणि एक सॅक बसली. बाहेर २३-२३ किलोच्या सहा बॅगा तशाच उभ्या, आणि भाची ट्रॉलीला टेकून पेंगत होती.

माणसं मोजली, बॅगा मोजल्या नाहीत, ही माझी चूक. अ‍ॅपवरचा आकडा सीटचा असतो, डिकीचा नव्हे. मुंबई-पुण्यात अशा कितीतरी टॅक्सी सीएनजीवर धावतात. पेट्रोलवरच्या जुन्या डिझायरची डिकी ३७८ लिटरची, चांगली ऐसपैस. त्यात ५५ लिटर पाणी मावेल एवढी टाकी बसवली की मोठी बॅग आत जातच नाही. टिगोरसारख्या काही गाड्यांत दोन छोट्या टाक्या तळाशी असतात, तिथे जागा बरी मिळते.

अर्टिगा मागवली म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. ड्रायव्हर धरून सात सीट. सगळ्या भरल्या तर तिसऱ्या रांगेमागे फार थोडं मावतं. चार माणसं असतील तर ती रांग पाडून घ्या, बॅगा तिथे रचता येतात.

गाडी दारात आल्यावर सामान दाखवू नका. बुकिंग झालं की लगेच फोन करा: "दादा, मोठ्या तीन बॅगा आहेत. गाडी सीएनजी आहे का? वर कॅरियर आहे का?" काळ्यापिवळ्या टॅक्सीला कॅरियर असतो म्हणून इथेही असेल, हे गृहीत धरू नका. कॅरियर असला तर दोरी आणि पावसाळ्यात ताडपत्री आहे का, तेही विचारा.

जागा नाही म्हणून जड बॅग मागच्या काचेपाशी किंवा मांडीवर घेऊन बसणं मला अजिबात पटत नाही. घाटात करकचून ब्रेक लागला की ती थेट माणसावर येते. पुढची सीट रिकामी असेल तर बॅग तिथे उभी करून बेल्ट लावा.

अडकलातच तर ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका, टाकी काही त्याला हलवता येत नाही. दुसरी गाडी मागवा आणि दोन्ही गाड्यांत घरचं एकेक मोठं माणूस बसवा. आम्ही तेच केलं. पासपोर्ट आणि औषधांची पिशवी ताईने स्वतःजवळ ठेवली, चार बॅगा घेऊन मी मागच्या गाडीत बसलो.